डॉक्टरांपासून लपवलेला काढा

दादाला शेवटचं भेटले तेव्हा तो माझ्याशी बागेच्या छाटणीबद्दल बोलला, माझ्या मुलाच्या अंबडच्या नोकरीची चौकशी केली आणि मग मला म्हणाला, "तिला सांग, पाणी दे." ती म्हणजे वहिनी. त्याच्या उशाशीच पेला घेऊन बसली होती... थोड्याच दिवसांत तो गेल्याचा फोन आला आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता तो तिच्याशी बोलायचा राहिलाच.

दादा, माझा थोरला भाऊ, पिंपळगावजवळचा द्राक्षबागायतदार. मोठ्या आतड्याचा कॅन्सर कळला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. नाशिकला केमो सुरू झाली. केमोनंतर पाण्याचा घोटही पोटात टिकायचा नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण एकेक औषध सुचवून जायचा. पपईच्या पानांच्या रसाबद्दल दादाने डॉक्टरांना भीतभीत विचारलं, तर ते फटकन म्हणाले, "तेच करायचं असेल तर माझ्याकडे कशाला येता?" बाहेर पेशंटची रांग होती हे मला दिसत होतं, तरी त्या वाक्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. दादाने त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं.

मग त्याचा एक व्यापारी मित्र कोल्ड स्टोरेजची यंत्रं बघायला चीनला गेला आणि येताना तपकिरी मुळ्या-सालींच्या पुड्या घेऊन आला. तिकडच्या दवाखान्यांत केमोबरोबर हाच काढा देतात म्हणे. देत असतीलही. पण दोन्ही देणारे पेशंटला समोर बसवून, रक्त तपासून देत असतील. आमच्याकडे केमो नाशकात आणि काढा स्वयंपाकघरात, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. आणि हे केलं कोणी, तर फवारणीची दोन औषधं टाकीत एकत्र घालण्याआधी बरणीत थोडी मिसळून ती फाटतात का ते बघणाऱ्या दादाने. गड्याने न बघता मिसळलं तर तो दिवसभर बोलायचा.

वहिनी सकाळ-संध्याकाळ काढा उकळायची. खरं सांगायचं तर दादाची मळमळ कमी झाली, तो भाकरी खाऊ लागला, हसायचासुद्धा. गुण काढ्याचा की मनाचा, कोण सांगणार. डॉक्टर दर खेपेला विचारत, "बाकी काही घेता का?"

"नाय साहेब," दादा म्हणे. वहिनी शेजारी मान खाली घालून उभी.

पुढे त्याचे डोळे पिवळे झाले, केमो थांबली. त्या दिवशी वहिनीने पिशवीतून पुड्या काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एक पुडी उघडून हुंगून बघितली. "आधी सांगितलं असतं तर बंद करून बघता आलं असतं. आता लिव्हर आजाराने बिघडलं, केमोने की ह्याने, मला सांगता येत नाही." गाडीत बसताना दादाने तिला एवढंच ऐकवलं, "माझी लाज काढली तू." त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही... मरणाऱ्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे.

दहाव्याला बायका कुजबुजत होत्या, "तिनंच पाजला ना तो काढा." चोर सोडून संन्याशाला फाशी. पुड्या आणणारा तिथेच पाहुण्यांची विचारपूस करत होता. साऱ्या घरात एकट्या तिने तोंड उघडलं, हे कोणाला आठवलं नाही. "काढ्यानंच झालं का?" असं ती मला रोज विचारते, आणि मलाही डॉक्टरांनी नंतर दुसरं काही सांगितलेलं नाही.

परवा तो व्यापारी घरी आला. उरलेल्या पुड्या हव्या होत्या. त्याच्या साडूला हाच आजार निघालाय, केमो सुरू आहे. वहिनी दादाच्या खोलीतून पुड्या घेऊन आली, पण हातातच धरून बसली.

"त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा," ती म्हणाली. "काय हाय ते मी सांगते. ते हो म्हणले तर न्या."

"अहो वहिनी, डॉक्टर लोक कशाला हो म्हणतील?"

"मंग राहू द्या."

चहा पिऊन तो निघून गेला. वहिनीने पुड्या पुन्हा दादाच्या कपाटात ठेवल्या, त्याच्या घडी केलेल्या शर्टांशेजारी. मी दारात उभी आहे हे तिच्या लक्षात नव्हतं. कपाट लावता लावता ती थांबली आणि शर्टांकडे बघून म्हणाली, "आता तरी बोला."