बाह्य परीक्षांचे सर

आमचे बाह्य सर एस.टी.त चढले की शेजारी बसलेल्या अनोळखी पोरालाही विचारत, "कायले बसला?"

पोरगे दचकून उठून उभे राही. त्याला वाटे, ही जागा कंडक्टरची असावी. मग सर त्याला खांदा धरून खाली बसवत. "अरे बस, बस. परीक्षेले कोणत्या बसला, ते विचारून राहिलो मी." कोणत्याच नाही, असे पोराने सांगितले की सरांचा चेहरा असा होई, जणू त्याच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नाही. पुढचे स्टँड येईपर्यंत हिंदीची पहिली परीक्षा किती सोपी असते हे त्याला पटलेले असे, निदान तो तसे कबूल करून मोकळा होई.

सर भंडाऱ्याला आमच्या शाळेत हिंदी शिकवायचे. शाळेत 'बाह्य परीक्षा विभाग' नावाचा एक विभाग होता आणि सर त्याचे प्रमुख होते. विभागात दुसरे कोणी नव्हते. एक लोखंडी कपाट होते, ते लाथ मारल्याशिवाय उघडत नसे. त्या विभागावरून सरांना सगळे 'बाह्य सर' म्हणत, आणि सरांना त्यात अपमान वाटत नसे. उलट शाळेच्या नेहमीच्या परीक्षांबद्दल ते जरा हात झटकून बोलत. "घरची भाजी-पोळी सगळेच खातेत. बाहेरून जेवणाचं बलावणं आलं पाहिजे," असे ते म्हणत.

बाहेरची बलावणी पुष्कळ होती. हिंदीच्या एकावर एक चार पायऱ्या, चित्रकलेच्या दोन, संस्कृत, शुद्धलेखन, सामान्यज्ञान, प्रथमोपचार, आणि आणखी अशा, की ज्यांचे प्रमाणपत्र आल्यावरच मुलाला कळे की आपण त्या परीक्षेला बसलो होतो. प्रथमोपचाराच्या सरावासाठी सरांनी एकदा शाळेच्या शिपायालाच अपघातात सापडवले. सगळ्या वर्गाने मिळून त्याला इतक्या पट्ट्या बांधल्या, की सुटीची वेळ झाली तरी घंटा वाजवायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. शाळा उशिरा सुटली. मुख्याध्यापक रागावले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "पण सगळे पास होतेत, पाहा तुम्ही." आणि सगळे पास झाले.

नुसत्या प्रमाणपत्रांनी पोरे येत नाहीत, हे सरांच्या लवकरच ध्यानात आले. भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. सरांनी ओळखीच्या तांबटाला गाठले आणि बक्षिसांची एक उतरंड रचली. पाच बाह्य परीक्षा पास होणारा 'परीक्षाभूषण', त्याला वाटी. आठवाला 'परीक्षाविभूषण', त्याला तांब्या. आणि दहा परीक्षा पास होईल तो 'परीक्षामहाविभूषण', त्याला पितळेची घागर. त्या दिवसापासून गावातल्या आयांना शिक्षणाचे महत्त्व पटले. आमच्या गल्लीत दुपारी भांडी घासता घासता चर्चा चाले. माझी आई मला म्हणाली, "शेजारच्या सुमीले तांब्या भेटला. तुले वाटीच काहून?" ती वाटी मी काय शिकून मिळवली होती हे तिने कधी विचारले नाही, आणि विचारले असते तर मला सांगता आले नसते.

घागर मात्र कितीतरी वर्षे कोणाला मिळाली नव्हती. ती मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलावर असे, आणि उन्हाळ्यात शिपाई तिच्यात पिण्याचे पाणी भरून ठेवी.

मग आमच्या वर्गात कुंदा आली. ती नदीपलीकडच्या कारध्याची, रोज पूल ओलांडून यायची. वडील पोस्टमन होते. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या घरात शिक्षणाचे व्रत असल्यासारखे होते. पोरगी शिकली पाहिजे एवढे वडिलांना पक्के ठाऊक होते, काय शिकली पाहिजे ते मास्तरांवर सोडलेले होते. कुंदा माझ्याच बाकावर बसे. मोजके बोलणारी आणि एकदा वाचलेले न विसरणारी. तिला नर्स व्हायचे होते. सरांनी तिला पाहिले आणि घागरीकडे पाहिले.

दहावीच्या वर्षी तिच्या आठ परीक्षा झाल्या होत्या. गणिताच्या सरांनी एकदा आमच्यासमोरच बाह्य सरांना अडवले. "पोरीचं बीजगणित कच्चं आहे. मार्चपर्यंत तिला माझ्याकडं सोडा."

"दोनच राहिल्या सर," बाह्य सर म्हणाले. "घागर झाली, की पोरगी तुमचीच."

"तोवर मार्च येईल."

"मार्च दरवर्षी येते हो," बाह्य सर म्हणाले, आणि कुंदाला घेऊन शुद्धलेखनाच्या सरावाला गेले.

स्नेहसंमेलनात कुंदाला घागर मिळाली. प्रमुख पाहुणे एक पुढारी होते. ते भाषणात म्हणाले, "मी जिंदगीत एकाही परीक्षेले बसलो नाही. पण आज दहा परीक्षा पास झालेल्या पोरीले माह्या हातानं घागर देऊन राहिलो. हेच शिक्षणाचं महत्त्व आहे." टाळ्या थांबेनात. कुंदाच्या वडिलांनी सायकलच्या कॅरिअरला घागर बांधली आणि पूल पायी ओलांडला. तिचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लागला.

जूनमध्ये निकाल आला. कुंदा गणितात नापास झाली होती.

दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवर नव्हता. तो कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवलेला मी पाहिला. मुख्याध्यापकांनी फक्त एवढेच विचारले, की घागरीवर शाळेचे नाव कोरलेले आहे का.

तीन-चार दिवस गेले. एका सकाळी बाह्य सर आमच्या दारात आले आणि मला म्हणाले, "तू चाल माह्यासंगं कारध्याले. मले एकट्यानं जावत नाही." वर्गात पाच मिनिटे गप्प न बसणारे सर अख्खा पूल ओलांडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

कुंदाच्या घरी आंबागडचा मामा आलेला होता. सर बसतात न बसतात तोच तो म्हणाला, "घागर त भेटलीच आहे गुरुजी. आता पाहुणेच पाहून टाकतो. आंदणाची सुरुवात तुमीच करून देली." तो थट्टा करत नव्हता. त्याला खरेच वाटत होते, की सरांनी बरे केले.

सर मान खाली घालून बसले. कुंदाच्या आईने चहा आणला आणि म्हणाली, "धा पास झाली ना सर माही पोर. एक राहिली त का झाला?"

"जी राहिली, तीच लागत होती माय," सर म्हणाले. "बाकीच्या दहा माह्या होत्या."

इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून परीक्षेबद्दल असे वाक्य मी ऐकले नव्हते. शेवटी कुंदाच दारातून म्हणाली, "सर, ऑक्टोबरचा फॉर्म भराचा आहे मले. मामाले सांगा, तोवर पाहुणे नोका आणू म्हणा."

सरांनी मामाला सांगितले. नुसते सांगितले नाही, हात जोडले. मामा गडबडला, मास्तराने हात जोडलेले त्याने आजवर पाहिले नव्हते. "ऑक्टोबरपर्यंत," तो म्हणाला.

पुढचे अवघड होते. बाह्य सरांना बीजगणित येत नव्हते. गणिताच्या सरांकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. ते गेले आणि जे ऐकून घ्यायचे ते ऐकून घेतले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात गणिताचे सर फळ्याजवळ उभे असत आणि पहिल्या बाकावर कुंदा नि बाह्य सर शेजारी शेजारी बसलेले असत. शंका कुंदापेक्षा सरच जास्त विचारत. "हा क्ष इकडून तिकडे गेला त त्याचं चिन्ह काहून बदलते? त्यानं काय केलं?" गणिताचे सर एकदा वैतागून म्हणाले, "तुम्हालाही बसवतो ऑक्टोबरला!" पण पावसाळा संपता संपता ते दोघे मास्तर घरी जाताना एकाच छत्रीत दिसू लागले.

कुंदा पास झाली. फार गुण नव्हते, पण पुरेसे होते. ती नागपूरला नर्सिंग शिकायला गेली.

त्या वर्षी सरांनी मुख्याध्यापकांना सांगितले, की हे भूषण-विभूषण आता बंद करा. बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पालक जमा झाले. "आमच्या मोठ्याले तांब्या भेटला. धाकट्यानं काय पाप केलं?" एका बाईने तर सरांनाच जाब विचारला, की पोरगी एवढी हुशार आहे, तिचा संसार काय वाटीवर मांडायचा? बक्षिसांमुळे शाळेत पोरे वाढली होती, ती सोडायची संस्थेची तयारी नव्हती. विभाग एका तरुण मास्तराकडे गेला. त्याने बारा परीक्षांना हंडा जाहीर केला. सर उरलेली वर्षे वर्गात हिंदीच्या कविता शिकवत राहिले, आणि फार छान शिकवत. ते आम्हाला आधी माहीतच नव्हते.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी माहेरी आले असताना कळले, सर दवाखान्यात आहेत. त्याच आजारात पुढे ते वारले. मी भेटायला गेले तेव्हा वॉर्डात कुंदाच ड्यूटीवर होती. सर तापाने फणफणले होते, मला त्यांनी ओळखले की नाही कळले नाही. कुंदाने त्यांच्या तोंडातला थर्मामीटर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"किती?" सरांनी डोळे न उघडता विचारले.

"एकशे दोन, सर."

सर मग म्हणाले, "शंभरपैकी?"

कुंदाने थर्मामीटर झटकला, त्यांच्या अंगावरचे पांघरूण नीट केले आणि म्हणाली, "हो सर. वॉर्डात तुम्हीच पहिले आले."