एक जूनला खराखुरा जन्मलेला

आमच्या रनाळ्यात एक जूनला जन्मलेले कलावंत गोळा केले तर अख्खी बँड पार्टी उभी राहते. ढोलवाला एक जूनचा. क्लॅरिनेटवाला एक जूनचा. नंदुरबारला रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढून लोकांची गाणी मोबाइलवर सोडणारा आमचा वर्गमित्र एक जूनचा. आणि ज्याच्या अहिराणी गाण्याशिवाय आमच्याकडे आता हळद लागत नाही, तो गायकही एक जूनचाच. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. हात होता पहिलीच्या मास्तरांचा. पोराने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडला की मास्तर म्हणायचे, "झाला शाळेजोगा," आणि जन्मतारीख एक जून टाकून मोकळे व्हायचे.

मीही एक जूनचा. पण मी खरा. माझ्या वेळी आई अडली म्हणून तिला बैलगाडीत घालून नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तारीख स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. हे मी कुणालाही सांगायला गेलो की समोरचा हसून माझ्या खांद्यावर हात ठेवतो. ढोलवाला तर चारचौघांत म्हणतो, "हाव रे भो, आपन सगळा मास्तरनाच पोरे!"

शाळा सुटल्यावर आम्ही या सगळ्या एक जूनवाल्यांनी मिळून बँड काढला होता. मी कीबोर्डवर. पुढे मी डीएड करून खापर गावाजवळच्या एका शाळेत मास्तर झालो, सुटीत लग्नं वाजवत राहिलो. आणि तो गायक गातच राहिला. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची सुरुवात ऐकलीत ना? गाडीवरच्या भोंग्यातून तो तुकडा आला की म्हाताऱ्यासुद्धा नाचायला उठतात. तो तुकडा माझा. एका वरातीत वीज गेली होती, ती परत आल्यावर कीबोर्ड चालतो की नाही ते बघायला मी बोटं फिरवली, आणि हा पठ्ठ्या त्यावर गायला लागला. व्हिडिओत 'संगीत' म्हणून स्टुडिओवाल्याचं नाव आहे. मी त्यात दिसतो. पाठमोरा.

हेही मी गिळलं असतं. पण दर एक जूनला गावच्या चौकात त्याचा बॅनर लागतो. गॉगल लावलेला तो वर, खाली पुढाऱ्यांचे शुभेच्छुक चेहरे, आणि माझ्या वाढदिवसाला माझ्याच मोबाइलवर निरोप येतात : 'आज आपल्या लाडक्या गायकाचा वाढदिवस, पुढे पाठवा.' मी पुढे पाठवतो. लोक काय म्हणतील, या भीतीने सगळ्यात आधी मीच पाठवतो. माझी इच्छा फार मोठी नव्हती. एका तरी एक जूनला चौकात माझा फोटो मोठा असावा आणि त्याचा खाली, शुभेच्छुकांत, छोटा असावा. बस.

तर मागच्या वर्षी मी ठरवलं की आपला बॅनर आपणच लावायचा. नंदुरबारच्या बॅनरवाल्याच्या दुकानात स्वतः जायची लाज वाटली, म्हणून सगळं मोबाइलवरून केलं. त्याला दोन फोटो पाठवले, एक माझा, एक गायकाचा. माझ्याकडे माझा बरा असा एकच फोटो निघाला. शाळेत साहेब आले होते तेव्हाचा, हात जोडलेला. त्याचा मात्र त्याच्याच गाण्याच्या जाहिरातीतून उचलला, गॉगलवाला. मग आवाज बारीक करून बोललो, "एक मोठा घ्या, दुसरा खाली शुभेच्छुकांत. वर लिहा, आपल्या मातीचा कलावंत." आता स्वतःला आपल्या मातीचा कलावंत म्हणवून घेताना जीभ अशी अडखळली की पुढे नाव सांगायचंच राहिलं. वर बजावलं, "एक जूनला सकाळी सकाळी थेट रनाळ्याच्या चौकात बांधून टाका. मला दाखवायची गरज नाही." लोकांना वाटायला हवं ना, की लोकांनीच लावलाय!

एक जूनला मी नवा शर्ट घातला, बायकोला गाडीवर मागे बसवलं आणि तिला कारण न सांगता चौकात नेलं. बॅनर झकास बांधला होता. वर हा एवढा मोठा, गॉगल लावून, गायक. त्याचं नाव बॅनरवाल्याने आपल्या मनाने घातलं होतं. आपल्या मातीचा कलावंत म्हटल्यावर त्याला दुसरं कुणी आठवलंच नाही. आणि खाली, 'शुभेच्छुक' या शब्दाशेजारी, हात जोडून, एकटा मी.

बायकोने मान वर करून अख्खा बॅनर वाचला. मग म्हणाली, "चांगला दिसी ऱ्हायनात. खाले बघा, डावीकडे." आणि थोड्या वेळाने, "हात बी जोडेल शेतस. संस्कार!"

मी गाडी वळवणार तेवढ्यात गायकाची मोटार आली. तो दर वर्षी या दिवशी गावात येतो आणि चौकात मंडप टाकून जुन्या सोबत्यांबरोबर केक कापतो. मोटारीतून उतरला, वर बघितलं आणि तिथेच थांबला. मला वाटलं, आता हसेल. तो सरळ माझ्याकडे आला आणि मला मिठी मारली.

"तू लाया?"

मी मान डोलावली.

"आजलोंग मन्हा बॅनर पुढारीस्नी लायात रे," तो म्हणाला. त्याचा तो लाखमोलाचा आवाज चक्क घोगरा झाला होता. "दोस्तनी पहिल्यांदाच लाया."

तिथे जमीन दुभंगली असती तर मी कीबोर्डसकट आत गेलो असतो. पण पुढचं त्याहून वाईट होतं. त्याने मला हाताला धरून मंडपात नेलं आणि माइक घेतला. क्लॅरिनेटवाला, ढोलवाला, स्टुडिओवाला सगळे समोर. गावही बऱ्यापैकी जमलेलं.

"ऐका," तो म्हणाला. "मन्ही माय सांगस, पोयाना दिन मन्हा जलम व्हयना. बैलेस्नी मिरवणूक चालू व्हती. एक जून तं मास्तरनी लिखं. आज खरा वाढदिवस फक्त याना शे. केक हाऊ कापी."

पोळ्याला जन्मलेल्या माणसाने मला माझा वाढदिवस दान केला! इतक्या वर्षांत माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता. त्याने माइकवर सांगितल्याबरोबर सगळ्यांचा बसला. मी सुरी हातात घेतली. केकवर नाव त्याचं. मी त्याच्या नावाच्या मधोमध सुरी घातली, आणि खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. पण माना सगळ्यांच्या त्याच्याकडे. माझ्या मागून एक काकू म्हणाल्या, "किती मोठं मन शे पोऱ्यानं!"

तो व्हिडिओ स्टुडिओवाल्याने संध्याकाळच्या आत सोडला. मथळा : दिलदार गायक. त्यात मी केक खाताना दिसतो, या वेळी समोरून.

यंदा एक जूनला सकाळपासून माझा फोन वाजत होता. सगळं गाव मला शुभेच्छा देत होतं, अगदी मला हव्या होत्या तशा. आणि प्रत्येक जण फोन ठेवण्याआधी म्हणत होता, "त्याचं मन पण काय मोठं, नाही?" ढोलवाल्याने तर आधी तेच म्हटलं आणि शुभेच्छा द्यायचं विसरला.

मग मी विचार केला. या माणसाला एक जूनमधून कायमचं बाहेर काढायचं असेल, तर त्याला त्याचा पोळा देऊन टाकायला हवा. पोळ्याला चौकात त्याचा बॅनर लावायचा. म्हणजे गावाला नवी सवय लागेल आणि माझी तारीख माझ्याकडे राहील. या वेळी लाज सोडून स्वतः बॅनरवाल्याच्या दुकानात गेलो. नाव, दिवस, सगळं नीट सांगितलं. त्याने संगणकावर गायकाचा गॉगलवाला फोटो ओढून मोठा केला आणि माझ्याकडे वळून अगदी आपुलकीने विचारलं, "भाऊ, तुम्हना हात जोडेल फोटो शे मन्हाकडे. खाले लाई देऊ का?"

मी पडद्यावर त्या गॉगलच्या खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"लाव," म्हणालो. "पण जरासा मोठा."