ज्वारी, उडीद आणि आत्याचं माहेर

सेलूच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचे. उत्क्रांतीच्या धड्याला दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "निसर्ग वाईट ते काढून टाकतो, मग मुकी-बहिरी लेकरं अजून कशी जन्मतात?" मी फळ्यावर पनेटचा चौकोन, म्हणजे आईबापाच्या जनुकांच्या जोड्यांचा चार घरांचा तक्ता, काढायचे आणि सांगायचे, निसर्ग दिसेल तेच निवडतो. जीनोटाइपमध्ये, म्हणजे आतल्या जनुकांत, दडून बसलेला दोष त्याला दिसत नाही. तो धडधाकट माणसांच्या आडून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो. पोरं माना डोलवायची. मला आपण फार शहाण्या आहोत असं वाटायचं.

हे शहाणपण एकदा घरी वापरावं लागलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चालला होता. एसटी नाही, कॉलेज नाही, म्हणून मी ताडकळसजवळ माझ्या माहेरी अडकले होते. धाकटी बहीणही दोन लेकरांना घेऊन आलेली. आली कसली, आणून सोडलेली. तिला आत्याच्याच घरी दिलं होतं. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, अशी आमच्याकडची रीत. तिच्या दोन्ही लेकरांना ऐकू येत नव्हतं. मागे थाळी पडली तरी वळून बघायची नाहीत.

आत्या बैलगाडी जुंपून आली ती त्यांना न्यायला नव्हे. आली त्याच पोरासाठी दुसरी बायको मागायला. काकाची मुलगी, नुकती अठरा पूर्ण झालेली, तिला हवी होती.

"हिच्या पोटातच खोट हाय," बहिणीच्या तोंडावर ती म्हणाली. "खाण तशी माती. धाकट्याची पोरगी द्या, घरातलं घरात ऱ्हाईल. आपलं रक्त चोख हाय, भाईरचं कशाला आणायचं?"

माझं डोकंच फिरलं. त्या दिवसांत गावात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच, कोणाचं रक्त चोख आणि कोणाचं नाही. चोख म्हणे! "आत्या, कुणाची खाण? ते तुझंच माहेर आहे!"

"गप बस," वडील म्हणाले.

मी गप्प बसले नाही. आत जाऊन मूठभर ज्वारी आणि मूठभर उडीद आणले आणि ओसरीवर फतकल मारली. शहाबादी फरशीचे चार तुकडे एकमेकांना लागून होते, चौकोन आयताच होता.

"माणसाला दोन दाणे मिळतात. एक आईचा, एक बापाचा. एक जरी ज्वारीचा असला तरी ऐकू येतं, उडीद दिसतसुद्धा नाही. दोन्ही उडीद आले की ऐकू येत नाही."

वरच्या बाजूला मेव्हण्याची एक ज्वारी, एक उडीद. डावीकडे बहिणीची एक ज्वारी, एक उडीद. मग प्रत्येक फरशीवर एकेक जोडी मांडली. चौथ्या फरशीवर दोन उडीद.

"हा हिचा. आणि हा तुझ्या पोराचा, तुझ्याकडून आलेला. आजोबांनी तुला दिला, वडिलांनाही दिला. काकालाही दिला असेल, आणि त्याच्या पोरीलाही. घरातलं घरात म्हणतेस ना? मग तेच घरात फिरतंय!"

"माझ्या आईबापाला नावं ठेवायलीस व्हय गं, मास्तरीण?" आत्यानं हातानं सगळे दाणे विस्कटून टाकले.

इतका वेळ खांबाला टेकून ऐकणाऱ्या काकानं पायाशी आलेला उडीद उचलला. मग म्हणाला, "माझी पोरगी मी भाईर दीन. आन ह्या लेकरांच्या आईला नांदवायचं नसंल तर तसं सांग, पंचायत बसवू." आत्या पाण्याचा तांब्याही न शिवता गाडीत बसली.

मला जिंकल्यासारखं झालं होतं. आता वडिलांनाही मी चार गोष्टी सुनवणार होते. बहीण मात्र खाली बसून दाणे वेचत होती.

"अक्का," मान वर न करता तिनं विचारलं, "हे तुला कधीपसनं येतं?"

"बी.एस्सी.ला होतं."

"म्हंजी माझ्या लग्नाच्या आधी."

तिच्या लग्नात मी पंगतीत बुंदी वाढत हिंडले होते.

"मंग तवा का नाही मांडलंस?"

आत्याचा मान राहावा आणि वडील चिडू नयेत म्हणून, एवढंच त्याचं उत्तर होतं.