भुसभुशीत माती

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी पेवं खणून वर आलेला माणूस. धान्य साठवायला जमिनीच्या पोटात खणतात ती पेवं. कोडोलीच्या बाजूची कितीतरी माझ्या हातची. पुढं मजूर पुरवणारा मुकादम झालो. भाव ठरवताना मला कुणी वाकवलं नाही, आणि माती मला बोटांनी कळते. याचा गर्व आहे. का नसावा?

संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नदीकाठच्या टेकाडावर उत्खनन निघालं. माणसं माझी. प्रोफेसर पुण्याचे. इथलं जुनं नगर आणि त्या काळचं रोम — घरं, गटारं, व्यापार — यांची तुलना त्यांना मांडायची होती. एकदा मी म्हणालो, इथं माती बदलली. ते सगळ्यांदेखत हसले. "मुकादम, तुम्ही पाट्या मोजा. माती वाचायचं आम्ही बघतो."

डोकं भडकलं. पण मी गप्प बसलो — आणि मी गप्प बसलो की सौदा संपलेला नसतो.

आठवड्याभरात अगदी तळाशी, सगळ्यात जुन्या थरात, रोमन सुरईचा कान — धरायची मूठ — सापडला. म्हणजे नगर वसलं तेव्हापासूनच रोमशी बरोबरीचा व्यापार! प्रोफेसरांनी तो रुमालात घेतला. मी त्या जागी बोटं घातली. माती भुसभुशीत. कितीतरी नंतरच्या लोकांनी वरून खणलेलं पेव होतं ते, बुजलेलं. कान त्यांच्या कचऱ्यातला. मी पाट्या मोजत राहिलो.

पण कबुली ही नाही. गप्प बसणं — ते तर कुणीही केलं असतं.

काही वर्षांनी दुसऱ्या विद्वानांनी त्या कानाबद्दल शंका काढली — तो नंतरच्या खड्ड्यातून खाली गेलेला असेल. प्रोफेसर माझ्या दारात आले. टेकाडावरचे खड्डे तोवर बुजवलेले, पुन्हा बघायची सोय नव्हती. "मुकादमसाहेब," ते म्हणाले — साहेब, पहिल्यांदाच — "तुमच्या हाताला आठवत असेल. तिथली माती कशी होती?"

खोटं कशाला बोलू? छाती फुगली. एवढा शिकलेला माणूस, आणि उत्तर माझ्या बोटांत! तेव्हा तरी सांगायला नको होतं? त्यांच्या डोळ्यांत बघून मी म्हणालो, "घट्ट हुती की. दगडागत."

ते हात जोडून गेले. सगळी तुलना त्यांनी त्या शब्दावर उभी केली. पुस्तकात माझं नाव छापलंय, 'जाणकार मुकादम' म्हणून. ते पान मी आल्यागेल्याला दाखवतो. आजही.

माती भुसभुशीत होती.