फराळ म्हणजे जेवण नव्हे

"बायपोलर डिसऑर्डर," यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, आणि माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सोपं करून सांगितलं. मन कधी उधळतं, कधी जागचं हलत नाही. दोन्ही वेळा लगाम माणसाच्या हातात नसतो.

माझी बायको मंगला शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. मी बाभुळगावला कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. बरंच वाचलं आहे असा माझा समज होता. त्या दिवशी मात्र एवढंच विचारता आलं, की हे बरं कधी होतं. "बरं ठेवता येतं," डॉक्टर म्हणाले.

तिला लिथियम सुरू झालं. मनाचे चढउतार आटोक्यात ठेवणारं हे औषध. रक्तातलं त्याचं प्रमाण मधूनमधून तपासावं लागतं, कारण कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर अपाय. गोळी जेवणानंतर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नातेवाइकांनीही आपापली औषधं सुचवली. एकाने ताईत सांगितला, दुसऱ्याने सकारात्मक विचार. ताईतवाला निदान थोडक्यात आटोपला.

मंगला सावरली. गोळ्या स्वतःच्या हाताने घेऊ लागली. मी विचारणं सोडलं, कारण रोज विचारलं की घराचंच इस्पितळ होतं. तुमच्या घरी असं माणूस असेल, तर हा निवांतपणा तुम्हालाही मिळो. त्यावर फार विसंबू मात्र नका.

नवरात्र बसलं. तिने नऊ दिवसांचा उपास धरला, दरवर्षीसारखा. चार-पाच दिवसांनी तिची झोप कमी झाली, बोलणं वाढलं. मला वाटलं, सण आहे, उत्साह असतो.

मग एका सकाळी शेजारची कांता दारात आली. आमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बायांची ती म्होरकी.

"सर, बाईनं आज सीतादही सांगतली. पंधरा बाया तयार हायत. पन बोंडं तं हिरवीच हायत ना."

पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, ती सीतादही. मंगलाचं सगळं आयुष्य कापसात गेलं. हिरव्या बोंडांवर पूजा मांडणारी बाई ती नव्हे. मी आत गेलो तर ती दह्याची पातेली लावत होती आणि एकीकडे फोनवर कोणाला तरी कापसातली सरकी वेगळी करणारी स्वतःची जिनिंग गिरणी काढायचा बेत सांगत होती. याला मॅनिया म्हणतात: मन इतकं उधळतं, की माणसाला आपण आजारी आहोत हेच पटत नाही.

"मले काय झालं? काहून नेऊन राह्यले?" गाडीत ती विचारत राहिली.

दवाखान्यात त्या दिवशी नेमका मानसिक आरोग्याचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे यायचे होते, म्हणून तपासणी थांबलेली. आम्ही रुग्ण आणि रुग्णांची माणसं खुर्च्या भरायला कामी आलो. पाहुणे आले, समई पेटली, शाली झाल्या. ताण घेऊ नका, हसत राहा, असं पाहुण्यांनी सांगितलं. मंगला मोठ्याने हसली. त्या सभेत सल्ला तत्काळ अमलात आणणारी ती एकटीच.

डॉक्टर व्यासपीठावरून सुटले तेव्हा दुपार टळली होती. त्यांनी विचारलं, "गोळ्या बंद केल्या होत्या का?"

"बंद कायले करीन?" मंगला म्हणाली. "उपास होता. तुमीच सांगतलं ना, जेवनानंतर."

"काहीच खाल्लं नाही?"

"भगर खाल्ली. शिंगाडा खाल्ला. ते काय जेवन होते?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तिच्या तर्कात खोट काढता येत नव्हती. भगरीला जेवण म्हणणारा माणूस आमच्या बाभुळगावात मिळणार नाही.

तिला दाखल करावं लागलं. व्हरांड्यातल्या बाकावर मी वाचायला नेलेलं पुस्तक उशी म्हणून वापरलं. घरी सोडताना डॉक्टर तिला म्हणाले, "उपास करायचा तर आधी मला विचारायचं. पाणी आणि मीठ तोडायचं नाही, नाहीतर रक्तात औषध वाढतं. गोळी फराळानंतरही चालते."

"देवीले चालते काय?"

"देवीचं मी सांगू शकत नाही. तुम्हाला चालते."

यंदाच्या नवरात्रात तिने भगर खाल्ली, गोळी घेतली आणि दारापुढच्या ओट्यावर जाऊन गल्लीतल्या बायांची हजेरी घेतली. "कांते, बीपीची गोळी घेतली का?"

"उपास हाय ना, बाई."

"मंग मर उपाशी. दिवसकार्याले जेवतो आमी."

सगळ्या खदखदल्या. मंगला सर्वांत जास्त. मी वर्तमानपत्राआडून तिचा आवाज ऐकत होतो: वेग किती, चढ किती, रात्री झोप किती झाली होती. या आजाराने माझी सवय अशी केली आहे, की घरात कोणी हसलं की आधी धास्तावतो.

तिने ते पाहिलं. आत येऊन माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली केलं.

"काय पाहून राह्यले? बरी आहो मी. हसू आलं, म्हनून हसली."

ती परत ओट्यावर गेली. मीही खुर्ची बाहेर नेली आणि तिच्या शेजारी बसलो.