मामांच्या अंगातलं घोड्याचं औषध

माझे मोठे मामा बोरीजवळ मेंढ्या राखायचे. एका हिवाळ्यात कडब्याच्या गंजीपाशी त्यांना घोणस चावली. परभणीच्या सरकारी दवाखान्यात सलाईनमधून प्रतिविष दिलं आणि ते वाचले. मी तेव्हा हैदराबादला एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. रेणूंचं वजन करणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, तिथे नुकतंच आलं होतं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एस.टी. अडल्या होत्या. मी पोचले तेव्हा चावल्याला दहावा दिवस होता. पायाची सूज उतरली होती, पण अंगभर गांधी उठल्या होत्या, ताप होता, गुडघे धरले होते. विष अंगात राहिलंय, असं मामींचं म्हणणं. मी सांगितलं, हा औषधाचाच त्रास आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला धरणारी प्रतिपिंडं तयार होतात. तीच काढून आपल्याला देतात. आपलं शरीर त्यांना परकं समजतं आणि भांडतं.

मामांनी दंड खाजवला. मग म्हणाले, "म्हंजे घोडा अजून अंगात हाय?"

"थोडा हाय, मामा."

"किती?"

ते मलाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मामांना विचारून मी रक्ताची एक नळी घेतली, थर्मासमध्ये बर्फ भरला आणि पूर्णेहून रेल्वेने हैदराबाद गाठलं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी पेशंट कोण ते विचारलं आणि अर्धा दिवस यंत्र दिलं.

नव्या कुपीतल्या नुसत्या औषधाचं वजन नीट आलं. मामांच्या रक्तात मात्र मामांचीच प्रथिनं इतकी, की औषध त्यांत बुडून गेलं. शाबूत किती, तुटलेलं किती, काही कळेना. तीनदा करून पाहिलं. आधी औषध रक्तातून वेगळं काढायला शिका, मग तोला, असं साहेब म्हणाले. पुढे बरीच वर्षं मी तेच केलं.

मामांना लिहिलं की किती ते कळलं नाही. सोबत डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी पाठवली: यांना प्रतिविषाचा त्रास झालेला आहे. पुन्हा साप चावला तर प्रतिविष घ्यायचंच, फक्त आधी ही दाखवायची, असं बजावलं.

उत्तर मामेभावाच्या अक्षरात आलं. गांधी गेल्या, ताप गेला, मामा मेंढ्यांमागं जायलेत. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात ठेवली आहे. खाली मामांनी सांगून लिहवलेली एक ओळ होती: "तुझी मशीन दुरुस्त झाली की कळव."