मिठात पुरलेला पक्षी

आमच्याकडे लहान मूल गेलं की खड्ड्यात मीठ घालून पुरतात. आईने पक्ष्यालाही तसंच पुरलं. मला ते संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर कळलं.

सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला मीच पाहिला होता. निळा, मुठीत मावेल एवढा लव्हबर्ड. बाबा गेल्यावर घरात काही आवाज असावा म्हणून चंद्रपूरहून आणलेला. आदल्या दिवशी नेहमीसारखाच ओरडत होता. मी त्याला रुमालात गुंडाळून ठेवलं आणि तासाला गेले. दिवसभर शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

तो कशाने गेला ते आईला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. नवं धान निघालं की सिंदेवाहीहून, मामाच्या शेतातून, लोंब्यांचा झुबका येतो. तो आम्ही चिमण्यांसाठी दाराशी टांगतो. त्यातल्या थोड्या लोंब्या तिने आदल्या दिवशी पिंजऱ्यात खोवल्या होत्या. आणि यंदा मामाने धानावर तुडतुड्यांचं औषध फवारलं होतं. तिने त्याला फोन केला. तो म्हणाला, फवारणी कापणीच्या कितीतरी आधीची, त्याच धानाचा भात आपण सगळे खातो, पाखरापायी डोकं खराब करू नको. तिने ऐकून घेतलं. पण तेव्हापासून ताटात भात घेईना. आमच्या भागात भात न घेणं म्हणजे जेवलोच नाही, असं धरतात.

काही दिवस असेच गेल्यावर मी अंगणातला तो कोपरा उकरला आणि पक्षी डब्यात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेला. तो वाळून कडक झाला होता. पिसांत मीठ होतं. डॉक्टरांनी पेन्सिलीने त्याला उलटंपालटं केलं.

"मीठ कोणी घातलं, मॅडम?"

मी रीत सांगितली. त्यांच्याकडेही तीच होती. पण आता यात काही सापडणार नाही, म्हणाले. विष शोधायचं तर ताजा असतानाच बर्फात घालून नागपूरला पाठवायला हवा होता. औषध असेल, थंडी असेल, आतला एखादा रोग असेल. मी विचारलं, जास्त शक्यता कशाची? उगाच काहीतरी सांगणार नाही, म्हणाले.

मागे बकरी धरून उभा असलेला म्हातारा म्हणाला, "कोंबडी असती तं केव्हाच रस्सा झाला असता, बाई." सगळे हसले. बहुतेक मीही हसले.

घरी आई तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच तिने विचारलं, "माह्या हातानं गेला का नाई, तेवढंच सांग."

आता कळणार नाही, मी म्हटलं. डॉक्टर काहीतरी बोलले असतीलच की, ती म्हणाली. थंडीनेही जातात म्हणाले, मी सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. सुटली असं मला वाटलं.

"थंडीनं?" ती म्हणाली. "मंग त्या रात्री पिंजऱ्यावर चादर काऊन नाई टाकली मी?"

त्या संध्याकाळी तिने भात घेतला. कालवता कालवता म्हणाली, त्याले किती थंडी वाजली असंल. मी तिच्या भातावर वरण वाढलं.